समता आणि विविधता : पदव्युत्तर वर्गात दोन वाटांनी आलेले दोन शब्द



आजचा विषय जाहीर झाला आणि माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, समता आणि विविधता हा काय तत्त्वज्ञानाचा विषय आहे? ते तर हल्ली कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाचं काम." त्याचं अगदीच चुकीचं नाही. विद्यापीठांत आता या नावाचे पेपर आहेत, परदेशात तर अख्खे एम.ए.चे अभ्यासक्रम आहेत. पण मला त्या नावातला एक शब्द कायम खटकतो, तो म्हणजे मधला 'आणि'. जुळ्या बहिणींना एकसारखं परकर-पोलकं शिवावं तसे हे दोन शब्द आपण एकत्र उभे करतो. मला आज असं सांगायचंय की पदव्युत्तर शिक्षणाच्या इतिहासात हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले, बराच काळ एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिले, आणि या इतिहासातली महत्त्वाची काही पानं मराठी विद्यार्थ्यांनी लिहिलेली आहेत.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते एका विद्यार्थिनीमुळे. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात एम.ए.ला या विषयाचा ऐच्छिक पेपर शिकवत होतो. पहिलाच स्वाध्याय दिला, 'आपल्या परिसरातील विविधतेचे वर्णन करा'. मुलांनी बोलीभाषा लिहिल्या, सणवार लिहिले, पुरणपोळी आणि मांडे लिहिले. एका मुलीने तिच्या गावातल्या पाण्याबद्दल लिहिलं. गावात नळ दोन ठिकाणी, आणि कोणी कुठे भरायचं हे कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत. कागद देताना तिने विचारलं, "सर, हे विविधतेत घालू की समतेत?" मी म्हटलं, "दोन्हीत घाल." तास संपत आला होता, आणि असं उत्तर दिलं की माणूस सुटतो.

आता मागे जाऊ.

आपल्याकडच्या माणसांच्या वेगळेपणाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो राज्यकारभाराच्या सोयीसाठी. हर्बर्ट रिस्ले हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1901 च्या जनगणनेचा हा आयुक्त. त्याआधी 1891 मध्ये बंगालमधल्या जाती-जमातींवर त्याने मोठा ग्रंथ काढला होता. माणसांची नाकं मोजायची, रुंदीचं उंचीशी गुणोत्तर काढायचं आणि त्यावरून वंश ठरवायचा, ही त्याची पद्धत. त्यातून त्याने जणू नियमच काढला की नाक जितकं रुंद तितकं समाजातलं स्थान खाली. 1901 च्या जनगणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंड लावायचा प्रयत्न झाला आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आम्हाला वर घ्या, आम्ही क्षत्रिय, आम्ही अमुक. विविधतेची नुसती यादी करायला बसलेल्या माणसाच्या हातून उतरंड कशी पक्की होते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

रिस्लेची ही गणना ताजी असतानाच, 1906 मध्ये, श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. आपण त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो, पण ज्ञानकोश नंतरचा. कॉर्नेलला त्यांनी पीएच.डी. केली, आणि 1909 मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक तिथे इंग्रजीत प्रसिद्ध झालं. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली समाजस्थिती मांडणारं. केतकरांनी नाकं मोजली नाहीत, ग्रंथ वाचले. आणि त्यांनी एक फार कामाची गोष्ट केली, जातीची व्याख्या दिली. त्यांच्या मते जातीची लक्षणं दोन. एक, सभासदत्व जन्मानेच मिळतं. दोन, सभासदांना गटाबाहेर लग्न करायला बंदी असते. इतरांच्या व्याख्यांत सोवळं-ओवळं, पंक्तिभेद, परंपरागत धंदे असं सगळं भरलेलं होतं. केतकरांनी गाठोडं सोडून दोनच वस्तू बाहेर काढल्या.

आणि आता 9 मे 1916. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. निबंध वाचणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन 1913 मध्ये तिथे आलेला. एम.ए. आदल्या वर्षी झालेलं. मुख्य विषय अर्थशास्त्र. म्हणजे भीमराव आंबेडकर यांनी ज्या विषयावर तो निबंध वाचला, तो त्यांच्या पदवीचा मुख्य विषयसुद्धा नव्हता.

गोल्डनवायझर कोण होते हेही पाहायला हवं. ते फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या हजारो स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजून दाखवलं होतं की एका पिढीतच डोक्याचा आकार बदलतो. म्हणजे ज्या मापावर वंशाची भिंत उभी केली, ते मापच स्थिर नाही. रिस्लेची मोजपट्टी जिथे मोडायला घेतली होती, त्याच विभागात आंबेडकर निबंध वाचायला उभे होते.

निबंध 'भारतातील जाती'. मी तो किती वेळा वाचलाय याचा हिशेब नाही. सुरुवातीलाच आंबेडकर एक पेच टाकतात. भारतात नाना वंशांचे लोक आले, भांडले, मिसळले, आणि त्यातून एक समान संस्कृती तयार झाली. ते वेगवेगळे तुकडेच राहिले असते तर जात समजावून सांगणं सोपं होतं. तुकडे होते, तुकडे राहिले, संपलं. पण इथे आधीच एकजीव झालेल्या समाजाचे तुकडे पाडलेले आहेत. मग ते कोणी पाडले, कसे पाडले, आणि तुकडे पुन्हा जुळू नयेत म्हणून काय काय करावं लागलं?

प्रश्न कसा बदलला पाहा. रिस्ले विचारत होता, माणसं किती प्रकारची आहेत? आंबेडकर विचारतायत, प्रकार पाडण्याचं यंत्र कसं चालतं? पहिला विविधतेचा प्रश्न, दुसरा समतेचा, किंवा खरं तर विषमतेचा.

मग ते आधीच्या अभ्यासकांना एकेक करून तपासतात. सेनार, नेसफील्ड, रिस्ले. केतकरांचा उल्लेख मात्र ते आदराने करतात, हा इथलाच माणूस आहे आणि मोकळ्या मनाने लिहितो म्हणून. आणि लगेच त्यांची व्याख्या दुरुस्त करतात. तुम्ही दोन लक्षणं सांगता, पण ती दोन नाहीतच. गटाबाहेर लग्नाला बंदी केली की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. एकाच नाण्याच्या दोन बाजू. उरतं एकच, बेटीबंदी.

पंचवीस वर्षांचा विद्यार्थी मान्यवर अभ्यासकाच्या दोन लक्षणांचं एक करतो, तेही त्याच्याबद्दल एक वावगा शब्द न काढता. माझ्या उभ्या आयुष्यात पदव्युत्तर सेमिनारचं याहून चांगलं उदाहरण मी वाचलेलं नाही.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेटीबंदी टिकवायची तर गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई जास्तीची होते. बायको मेली की पुरुष जास्तीचा. जास्तीच्या बाईचं काय करायचं? नवऱ्याबरोबर जाळायची, किंवा जन्मभर विधवा ठेवायची. जास्तीच्या पुरुषाला तर जाळता येत नाही, तो पुरुष! त्याला संन्यास घ्यायला लावावं, नाहीतर अजून लग्नाचं वय न झालेल्या मुलींतून बायको आणून द्यावी. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. ज्यांना एकोणिसाव्या शतकातले आपले सुधारक स्वतंत्र 'दुष्ट रूढी' समजून एकेक करून झगडले, त्या तिन्ही या निबंधात जात टिकवण्याची अवजारं म्हणून समोर येतात. आधी एका वर्गाने दार आतून लावून घेतलं, मग काहींनी त्याचं अनुकरण केलं, आणि काहींना ते दार बंद सापडलं. इथे ते तार्द या फ्रेंच अभ्यासकाचे अनुकरणाचे नियम वापरतात. ते सगळं सांगत बसत नाही, मूळ वाचा. लहान आहे.

आणखी एक. या निबंधात लेखकाच्या स्वतःच्या जातीबद्दल एक अक्षर नाही. शाळेत वेगळं बसवलं गेलेला मुलगा जातीवर निबंध वाचतो आणि स्वतःला पूर्ण बाहेर ठेवतो. शेवटी तर म्हणतो की या विषयात भावनेला जागा नको, आणि माझा सिद्धांत टिकत नाही असं कोणी दाखवलं तर मी तो सोडायला तयार आहे.

मे 1917 मध्ये हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्याच वर्षी आंबेडकर करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे. सामान बाहेर. मुंबईची गाडी रात्री नऊला, तोवर कुठे जायचं, म्हणून ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि त्यात असंही म्हटलंय की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. निबंधात नसलेला 'मी' या आठवणींत आहे. मला वाटतं समतेचा अभ्यास करणाऱ्याने ही दोन्ही लिखाणं शेजारी ठेवून वाचावीत. नुसता निबंध वाचला तर यंत्र समजतं पण ते कोणाला चिरडतं ते दिसत नाही. नुसती आठवण वाचली तर डोळे पाणावतात आणि यंत्र चालूच राहतं.

मुंबईत याच सुमारास काय चाललं होतं? 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांनी निवडलेला संस्कृतचा एम.ए. झालेला मालवणचा तरुण केंब्रिजला गेला, 1922 मध्ये पीएच.डी. होऊन आला आणि 1924 पासून त्या विभागाचा प्रमुख झाला. ते गोविंद सदाशिव घुर्ये. 1932 मध्ये जात आणि वंश यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी रिस्लेचं नाक व्यवस्थित कापलं, क्षमा करा, पण तसंच झालं! नाकाचा आणि दर्जाचा संबंध फार तर उत्तर हिंदुस्थानात दिसतो, महाराष्ट्रात, गुजरातेत, बंगालमध्ये तो बसत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. हे मोठं काम. पण जात म्हणजे काय हे सांगताना घुर्ये सहा लक्षणं देतात. गटांमध्ये विभागणी, उतरंड, रोटीव्यवहारावरची बंधनं, नागरी आणि धार्मिक अधिकारांतला भेद, धंद्याच्या निवडीवर बंधन, लग्नावर बंधन. केतकरांचं दोनाचं आंबेडकरांनी एक केलं होतं, घुर्यांनी सहा केली. मी 1970 च्या आसपास एम.ए. केलं तेव्हा आम्हाला ही सहा लक्षणं पाठ असत. 1916 चा निबंध आमच्या वाचनयादीत नव्हता. तो मला भेटला 1979 नंतर, महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला तेव्हा. तोवर मी सात-आठ वर्षं 'न्याय' ही संकल्पना शिकवत होतो.

घुर्यांच्या हाताखाली मुंबईत एम.ए. केलेली एक विद्यार्थिनी 1928 मध्ये बर्लिनला गेली. इरावती कर्वे. सासरे महर्षी कर्वे, ज्यांनी 1916 मध्येच, म्हणजे आंबेडकरांच्या निबंधाच्या वर्षी, स्त्रियांचं विद्यापीठ काढलं होतं, तरी सुनेच्या परदेशी जाण्याला ते अनुकूल नव्हते असं सांगतात. ती गेलीच. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वावर ठाम विश्वास असलेला माणूस, आणि त्याच्या संस्थेने नाझी काळात काय केलं ते जगाला माहीत आहे. फिशरचं गृहीतक असं की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक जास्त असतो आणि त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. त्यांत वसाहतींतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष, कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, विशीतली मुलगी, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच गृहीतकाला प्रबंधात 'नाही' म्हणते. पदवी मिळाली.

पण गंमत अशी की मोजपट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींची शरीरमापनं त्यांनी घेतली, आणि 1961 च्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात असं मांडलं की जाती म्हणजे एका समाजाची पडलेली शकलं नव्हेत. आपापसात लग्नं करणारे निरनिराळे गट आधीपासूनच होते आणि ते शेजारी शेजारी येऊन बसले. घुर्यांशी त्यांचा हा मतभेद होता. न बोलता तो आंबेडकरांशीही होता.

माझ्या भाषेत सांगायचं तर समाज ही गोधडी आहे की फाडलेलं धोतर? निरनिराळ्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी मानली तर तुम्ही प्रत्येक तुकड्याचा रंग जपाल, कौतुक कराल, हा विविधतेचा अभ्यास. एकाच धोतराच्या चिंध्या केल्या असं मानलं तर तुम्ही विचाराल, फाडलं कोणी, आणि कोणाच्या वाट्याला कुठली चिंधी आली? इरावतीबाईंचं काम मी कमी लेखत नाही. लोकांच्या वेगळेपणाकडे त्यांच्याइतक्या जिव्हाळ्याने पाहणारे अभ्यासक थोडे. पण गोधडीच्या चित्रात एक धोका आहे. खालच्या अस्तराचा तुकडाही 'वेगळा रंग' म्हणून गणला जातो.

हे पुन्हा ऐरणीवर आणलं स्त्री-अभ्यासाने. 1971 मध्ये केंद्र सरकारने भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी समिती नेमली. फुलरेणु गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. 1974 च्या शेवटी अहवाल तयार झाला, त्याच्या नावातच समता आहे. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1901 मध्ये 972 होत्या, 1971 मध्ये 930. स्वातंत्र्य आलं, घटना आली, शाळा आल्या, आणि आकडा खाली गेला. प्राध्यापक मंडळींना हा मोठा धक्का होता, कारण आम्ही वर्गात प्रगतीच शिकवत होतो. 1974 मध्येच एसएनडीटीत नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. पुढच्या वर्षी स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांची 1882 ची 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापली. 1981 मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईत एसएनडीटीतच भरली. 1987 मध्ये पुणे विद्यापीठात केंद्र आलं.

पण या वर्गांत कोणती स्त्री शिकली जात होती? 1981 मध्ये कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' आलं. दलित मुलगी, संस्कृतमध्ये एम.ए., उत्तम गुण, आणि नोकरी मिळेना. मुलाखतीत डोळे मिचकावणारी माणसं. पुढे आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं, आणि नोकरी मिळाली. त्या स्वतःच विचारतात, ती कोणाला मिळाली, सोमकुवरला की पावडेला? एम.ए.ची पदवी तीच, बाई तीच.

पुण्याच्या केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी 1998 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक लेख लिहिला. त्याआधी गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं बोलतात असं मांडलं होतं. रेगे यांनी ते पुढे नेलं आणि 'वेगळं' या शब्दावरच बोट ठेवलं. दलित स्त्रीचा आवाज 'वेगळा' म्हणून मान्य केला की बाकीचे मोकळे होतात. तुमचं तुम्ही बोला, आम्ही ऐकतो, आमचा अभ्यासक्रम आहे तसाच. रेगे यांचं म्हणणं, तिथून उभं राहून पाहिल्यावर सगळ्यांचाच विषय बदलला पाहिजे, सवर्ण बाईचाही आणि पुरुषाचाही. 2013 मध्ये, त्या गेल्या त्या वर्षी, ब्राह्मणी पितृसत्तेवरच्या आंबेडकरांच्या लेखनाचं त्यांनी संपादित केलेलं पुस्तक आलं. त्यात 1916 चा तो निबंध आहे. 'जास्तीची बाई' पुन्हा वर्गात यायला 97 वर्षं लागली.

म्हणून मी म्हणतो, तो 'आणि' सहज लिहू नका. तत्त्वज्ञानाचा जुना मास्तर आहे, शब्दाला अडतो, त्याबद्दल माफ करा. विविधतेचा अभ्यास नको असं मी म्हणत नाही. बोआस नसते तर रिस्लेची पट्टी मोडली नसती. पण दोन नळ हे दोन बोलींसारखे नसतात.

त्या मुलीचा स्वाध्याय माझ्याकडेच राहिला, परत द्यायचा राहून गेला. परवा या व्याख्यानाची तयारी करताना फाइलीत सापडला. दहापैकी सहा गुण दिलेत. खाली लाल शाईत माझ्या अक्षरात शेरा आहे, 'वर्णन चांगले. विषयाशी संबंध स्पष्ट करावा.'

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.